मूळ भांगेचं, वेल हॉप्सची

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच घातला, पण खुर्ची तुझ्या घराच्या दिशेला वळवून घेतली होती, तेव्हा तो पोचायला हरकत नाही.) तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाली होतीस, तो आवाज थांबला का, की आता उतरतानाही वाजतो? जावयाच्या नव्या नोकरीचं काय झालं? भावोजींनाही नमस्कार सांग. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे मधे एका रविवारी आमची खुशाली जरा हाताबाहेरच गेली होती, आणि ते सगळं नीट सांगावं म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, आमच्या ह्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. जी वस्तू वर जायला तयार नाही ती वर कशी न्यायची, एवढा एकच विचार ह्या माणसाने केला, आणि निवृत्त झाल्यावर तो विचार घरात घेऊन आले. आधी माझ्या कपाटांची दारं झाली (आता ती आपोआप बंद होतात, बोटं आत असली तरी). मग कलमांचं वेड लागलं. बटाट्याच्या खुंटावर टोमॅटो बांधला, म्हणजे खाली बटाटे आणि वर टोमॅटो. खाली गोट्या लागल्या आणि वर शर्टाची बटणं. रानवांग्यावर मिरची बांधली, तिने तर चारच दिवसांत मान टाकली. सगळी कलमं लिफ्टच्या वायरींना गुंडाळायच्या काळ्या चिकटपट्टीने बांधलेली, त्यामुळे आमच्या गॅलरीत कुंड्या नसून अपघातातले जखमी ठेवलेत असं वाटायचं.

अशात सासूबाईंची झोप उडाली. अगदी पार उडाली. सकाळी चहाला बसल्या की डोळे लाल, आणि विचारलं तर "काय म्हणालीस?" (त्यांना ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे, माझं लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचे कान गेले, आणि तेव्हापासून आम्ही घरात सगळे ओरडूनच बोलतो.) औषधवाल्याने सांगितलं, हॉप्सच्या फुलांची उशी करा. हॉप्स म्हणजे ती वेल गं, जिची फुलं घालून बिअर कडू करतात. उशीत भरली की म्हणे गाढ झोप लागते. पलीकडच्या गल्लीतल्या बिअर करणाऱ्याने ह्यांना काड्या दिल्या. ह्यांनी त्या अंगणात टाकीशेजारी लावल्या आणि त्या कुजल्या. पुन्हा आणल्या, पुन्हा कुजल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो बिअरवाला म्हणाला, काका, तुम्ही त्यांचं नक्की करता काय?

आमच्या टाकीशेजारी पाणी साचतं, आणि हॉप्सची मुळं नाजूक. झालं, ह्यांना यंत्रातला बिघाड सापडला. कुठेतरी वाचलं की हॉप्स आणि भांग एकाच कुळातल्या, सख्ख्या नाहीत पण चुलत बहिणी. आणि भांगेचं मूळ कसं, ह्यांच्या मते, घोड्यासारखं. हे जेवता जेवता उठले आणि म्हणाले, "खालची मशीन भांगेची बसवू आणि वरचा डबा हॉप्सचा!" मी म्हटलं, आधी वरण संपवा.

आता भांग आणायची कुठून, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. आमच्या तळमजल्यावर दोरवाले काका आहेत. ते दोरांसाठी भांगेचं पीक रीतसर परवाना काढून कारखान्यामागे घेतात. (परवाना फ्रेम करून भिंतीवर लावलाय, आणि काका त्या फ्रेमखाली उभं राहूनच लोकांशी बोलतात.) त्यांनी डझनभर रोपं दिली. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. खुंटाला मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखी धार काढायची, पाचर चिरेत बसवायची, पट्टी गुंडाळायची आणि वरून पिशवी घालायची. दाढीची पाती संपली, माझ्या पिशव्या संपल्या, रोपंही संपत आली. आणि शेवटच्याच्या आधीच्या रोपाने जीव धरला. इवलंसं पान फुटलं. ह्यांनी मला ज्या आवाजात हाक मारली ना ताई, तशी आमची मुलगी झाली तेव्हा सुद्धा मारली नव्हती.

कलम अंगणात लावलं, आणि मग त्या वेलीने जे डोकं वर काढलं ते थांबायलाच तयार नाही. दोरवाल्यांनी दिलेला दोर संपला तशी ती पाइपावर चढली, पाइपावरून कपड्यांच्या तारेवर, आणि तिथून थेट पहिल्या मजल्यावरच्या दातवाल्या बाईंच्या पाटीवर. पाटी 'दंतचिकित्सालय' अशी आहे. वेलीने नेमका 'दंत' झाकला. नुसतं 'चिकित्सालय' राहिलं, आणि एक गृहस्थ आजारी मांजर घेऊन जिना चढले. बाई चांगल्या आहेत. त्यांनी मांजराचे दात तपासून दिले.

बाईंची काही तक्रार नव्हती. तक्रार केली ती आमच्या सेक्रेटरींनी, बाईंच्या वतीने, बाईंना न विचारता. सेक्रेटरींना आम्ही 'नियमावली' म्हणतो. पन्नाशीचा सडाफटिंग माणूस. "पाऊस पडतोय" एवढं म्हणायचं असलं तरी "सर्व सभासदांच्या निदर्शनास आणण्यात येते की" असं सुरू करतो. त्यांनी वेल कापून टाकायची की कसं, ह्यावर रविवारी दुपारी अंगणात सभा बोलावली. ह्यांचं तोंड उतरलं. त्या वेलीला नुकती फुलं धरली होती, हिरव्या कागदाचे छोटे छोटे कंदील असावेत तशी. कुणी कात्री आणली तर आपण वेलीला मिठी मारून उभं राहायचं, असं हे मला सकाळी आंघोळीहून बाहेर येताना म्हणाले.

मग त्यांना सुचलं की लोकांना काहीतरी प्यायला द्यावं. फुलं खुडली, पातेलंभर पाण्यात उकळली, साखर ओतली. चव कशी सांगू? कारल्याने हात टेकले असते. पण फुकटचं आणि गरम, तेव्हा सगळ्यांनी तोंडं वाकडी करत कप संपवले. नियमावलींनी कलम चार, पोटकलम ब वाचायला घेतलं. आणि सासूबाई, ज्या एरवी सभेत डुलक्या घेतात, त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अरे, पण ह्याचं मूळ भांगेचं आहे ना?"

ताई, सगळ्यांनी आपापल्या रिकाम्या कपात वाकून पाहिलं. हे चाचरत म्हणाले की खाली भांग आहे, वर हॉप्स, मधे पट्टी. तोवर दातवाल्या बाई खुदकन हसल्या. मग पुन्हा हसल्या. मग त्यांना थांबताच येईना. दोरवाले काका म्हणाले, माझे गुडघे कुठे गेले, आणि अंगणातच आडवे झाले. मलाही डोकं फुग्यासारखं हलकं झाल्यासारखं वाटायला लागलं. (शपथेवर सांगते, वाटत होतं.) आणि मग एकेकाच्या तोंडाची झाकणं उडाली. दोरवाले आभाळाकडे बघत म्हणाले की त्यांना दोराचा वीट आलाय, तीस वर्षं येतोय, त्यांना केक करायचेत, गुलाबी रंगाचे. आमचे हे उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले की मी आयुष्यात एकदाही लिफ्टमध्ये बसलेलो नाही, मला भीती वाटते, मी जिन्याने जायचो आणि वर थांबलेलो दिसायचो. मी म्हटलं, अहो, आपण लग्नानंतर त्या हॉटेलात सातव्या मजल्यावर उतरलो होतो तेव्हा? तर म्हणाले, "मी तुला म्हटलं नाही का, तू हो पुढे, मी मशीन बघून येतो?"

नियमावलींनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला. आणि दातवाल्या बाईंकडे वळून म्हणाले, "माझा एकही दात किडलेला नाही."

"मला माहीत आहे," बाई हसता हसता म्हणाल्या.

"मी चार दात भरून घेतले तुमच्याकडून. फक्त त्या खुर्चीत बसायला मिळावं म्हणून."

"मी काही भरलेलंच नाही. नुसतं मशीन फिरवत होते. तुम्ही डोळे मिटून इतके खूश दिसायचात!"

आता ह्यावर नियमावलीत कुठलंच कलम नाही. तो माणूस कानापर्यंत लाल झाला आणि टाळ्या वाजवायला लागला. एकटाच. मग आम्हीही वाजवल्या.

आणि ह्या गोंधळात सासूबाईंनी माझा हात धरून मला जवळ ओढलं. म्हणाल्या, "मला ऐकू येतं गं."

मी म्हटलं, "काय?"

"सगळं ऐकू येतं. पहिल्यापासून. तू नवी होतीस, स्वयंपाकघरात पुटपुटायचीस. मला ऐकू येतंय असं कळलं असतं तर तुला घुसमटल्यासारखं झालं असतं. म्हणून म्हटलं, आपणच बहिरं व्हावं."

मी काय काय पुटपुटले असेन ह्याचा हिशेब करायला लागले. त्यांना माझ्या चेहऱ्यावर तो दिसला असावा. म्हणाल्या, "तू पुटपुटतेस ते बहुतेक खरंच असतं. आणि मधेच गुणगुणतेस ना, ते सुरात असतं. माझी लेक म्हणते माझ्याकडे राहायला चल, पण तिच्या घरात कुणी गुणगुणत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "झोप येत नाही ती ह्याच्या घोरण्याने. भिंतीतून येतं. पण सांगू कशी? बहिरी ना मी!"

म्हणजे बघ, एवढे बटाटे, टोमॅटो, दाढीची पाती, भांग, हॉप्स, सभा, आणि औषध काय तर ह्यांची खाट पुढच्या खोलीत सरकवायची. मी हसू की रडू ते कळेना, म्हणून दोन्ही केलं, आणि सासूबाईंनी माझ्या पदराने माझंच नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी इमारतीत कुणी कुणाकडे बघेना. जिन्यात चाहूल लागली की लोक परत वर जायचे. नियमावलींनी अंगणातल्या फळ्यावर सूचना लावली: रविवारच्या सभेतील सर्व विधाने नशेच्या अमलाखाली झाली असल्याने ती रद्द समजण्यात यावीत. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त दातवाल्या बाई त्या सूचनेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग वर गेल्या. त्या दिवशी त्यांच्या मशीनचा आवाज खाली नेहमीपेक्षा जोरात येत होता. सासूबाईही पुन्हा बहिऱ्या झाल्या. मी "आई, चहा" म्हटलं तर "काय म्हणालीस?"

नियमावलींना मात्र सूचनेला जोडायला दाखला हवा होता. त्यासाठी त्यांनी शेतकी कॉलेजच्या एक प्राध्यापक बाई आणल्या. उंच, हातात खुरपं, आणि कुणाचंही वाक्य पूर्ण होऊ न देणाऱ्या. सगळी इमारत अंगणात जमली. बाईंनी वेल पाहिली, फूल चुरगळून हुंगलं आणि म्हणाल्या, नशा नाही. वेल आपल्या फुलात आपलाच रस तयार करते. मूळ कुणाचंही असलं तरी खालून पाणी आणि खत एवढंच चढतं. दोरवाले म्हणाले, पण माझे गुडघे? बाईंनी खुरप्याने माती उकरली, आणि हे अगदी श्वास रोखून बघत राहिले. तर भांगेचं मूळ केव्हाच वाळून गळून पडलेलं. ह्यांनी कलमाचा सांधा जरा खोल पुरला होता, तिथून हॉप्सने स्वतःचीच मुळं सोडली होती, चांगली जाडजूड.

"म्हणजे कलम फसलं?" ह्यांनी विचारलं.

"कलमाने तिला उभं केलं. पुढचं तिचं तिने केलं," बाई म्हणाल्या. ह्यांनी ते वाक्य त्या दिवसापासून इतक्या जणांना सांगितलंय की तुलाही ते फोनवर ऐकावं लागेल.

मग दातवाल्या बाई पुढे आल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी सगळे शुद्धीत होते?"

"पूर्ण," प्राध्यापक बाई म्हणाल्या. "रस्त्यावरून चालत जाणाऱ्या कुठल्याही माणसाइतके."

सगळ्यांनी नियमावलींकडे पाहिलं. ते फळ्यापाशी गेले. एकेक टाचणी काढली, सूचनेची घडी घातली, ती खिशात ठेवली. पुन्हा काढून खिसा बदलला. मग म्हणाले, "दवाखाना किती वाजता उघडतो?"

"दात दुखतोय?"

"नाही."

"मग केव्हाही या," बाई म्हणाल्या.

वेल तोडायचा विषय त्या सभेपासून कुणी काढलेला नाही. दोरवाले काका गुलाबी केक करतात, जरा घट्ट होतात, पण त्यांचा पीळ सुटत नाही एवढं खरं. ह्यांची खाट पुढच्या खोलीत गेली आणि सासूबाई आता सकाळी उन्हं वर येईपर्यंत झोपतात. त्या प्राध्यापक बाई गेल्यावर मी त्यांना विचारलं, "आई, ऐकलंत ना? नशा नव्हती." त्यांनी माझ्याकडे निरागसपणे बघितलं आणि कानामागे हात धरून म्हणाल्या, "काय म्हणाली ती बाई? मला काही ऐकू नाही आलं." मी आता स्वयंपाकघरात जरा मोठ्याने गुणगुणते.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांचे गालगुच्चे घे, आणि गुडघ्याला शेक दे.

तुझी,
धाकटी

ता. क. हॉप्सची एक उशी वेगळी पाठवते आहे. वास मोज्यांसारखा येतो, पण सवय होते.

ता. क. दुसरा. हा वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे, वाचून फाडून टाक. त्या रविवारी अंगणातून वर आल्या आल्या मी तुला फोन केला होता आणि तो भावोजींनी उचलला, हे तू विसरली नसशीलच. त्यांची बासरी ऐकताना मी कानात कापूस घालते, आणि "वा!" म्हणते ते कापूस नीट बसला की म्हणते, असं मी त्यांना सांगितलं. ते अजून बोलत नाहीत असं तुझ्या मुलीकडून कळलं. तर एवढंच कर: त्यांना हे पत्र वाचायला दे, पण प्राध्यापक बाई येतात तिथपासूनची पानं काढून घे. त्या येतात तिथून मी मुद्दामच नवं पान घेतलं आहे. म्हणजे सगळं भांगेवर जाईल. सही राहणार नाही, पण अक्षर ते ओळखतात.

ता. क. तिसरा. आणि ताई, मी फोनवर (घरच्या सवयीने ओरडूनच) ते बोलत असताना भावोजींच्या मागून कुणीतरी "अगदी बरोबर!" असं ओरडलं. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. माझ्याजवळ निदान एक कप तरी होता. तू काय प्यायली होतीस?