आखाजीपर्यंत कोणी आत येऊ नये

रविवार, १६ एप्रिल १९८९
रिटायर झाल्यावर रोजनिशी लिहायची असं ठरवलं होतं. आज सुरुवात.
स्वतःची जमीन. नरडाण्यापासून कोसभर आत. चार एकर, विहीर, पत्र्याच्या दोन खोल्या, बांधावर भलामोठा निंब. दारात उभं राहिलं की जे दिसतं ते आपलं. सकाळी चहा घेत उभा राहिलो तर त्या आपल्यातून पाच-सात माणसं, दोन म्हशी आणि शेजारच्या चुडामणचा बोकड आरपार गेले. विचारलं कोणीच नाही. एकाने रामराम घातला आणि माझ्याच रांजणातलं पाणी पिऊन गेला.
हे चालायचं नाही.
प्रमिला अजून धुळ्याच्या भाड्याच्या घरात. तिचं म्हणणं असं, की आखाजीला येऊन बघते, राहण्यासारखं वाटलं तर राहते, नाही तर चुडामणला विकून टाका. राहण्यासारखं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. उघड आहे. बाईमाणसाला सुरक्षित वाटलं पाहिजे.
आखाजी ८ मे. भरपूर वेळ आहे.

मंगळवार, १८ एप्रिल
बोर्ड लावला. खाजगी जमीन, विनापरवानगी आत येणाऱ्यावर कडक कारवाई होईल, द. रा. बाबर, सेवानिवृत्त लेखाधिकारी. अक्षर माझं. लाल पेंट.
चिंधाने विचारलं, कडक म्हणजे काय करशात. चिंधा हा सालदार. आधीच्या मालकाने वर्षाच्या बोलीवर ठेवलेला, मला जमिनीबरोबर मिळाला. त्याला सांगितलं, ते आपण लोकांना कळू द्यायचं नसतं. प्रशासनाचा नियम आहे.
संध्याकाळी बोर्डावर कोणाचं तरी लुगडं वाळत घातलेलं होतं.

शुक्रवार, २१ एप्रिल
आवाजाची प्रॅक्टिस सुरू केली. नुसतं 'कोण आहे?' पण पोटातून. विहिरीत तोंड घालून केलं की फार चांगलं येतं. पंधरा दिवसांत आवाजानेच निम्मे लोक पळतील.
दुपारी खरोखरच एक इसम आत आला. मी खोलीच्या दाराआडून 'कोण आहे' म्हणालो. आवाज आतल्या आत राहिला. घसा बसलाय, प्रॅक्टिस जास्त झाली.

सोमवार, २४ एप्रिल
गावातल्या तारकाम करणाऱ्या देवचंदला बोलावून कुंपण आणि गेटाचं काम सुरू केलं. तो म्हणे, मधे माणूस जाईल एवढी फट ठेवू, लोकांची वाट शे. मी म्हटलं, फट ठेवायची तर कुंपण कशाला. तो खड्डे खणायला लागला.
चुडामण बांधावर येऊन उभा राहिला. सहा फुटी माणूस, मिशा कानाला टेकलेल्या. शांतपणे म्हणाला, साहेब, वाट बंद नका करू, आखाजी तोंडावर शे. आणि निघून गेला.
शे म्हणजे आहे, एवढं कळतं. पण आखाजी तोंडावर शे म्हणजे काय?
आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. आमच्या साताऱ्याकडे त्या दिवशी आमरस खातात आणि झोपतात. हिचं, म्हणजे प्रमिलाचं, माहेर इथून दोन कोसांवर. लग्न झाल्यावर आखाजीचं काहीतरी सांगत असायची, दरवर्षी माहेरी जाऊ का म्हणूनही विचारायची. पण तेव्हा वर्षअखेरीची ऑडिटं उरकत नसत. काय सांगायची ते लक्षात नाही. विशेष काही नसणार.

बुधवार, २६ एप्रिल
पाण्याला गेलेल्या बायका तारेपाशी थांबल्या. निंबाकडे बघत राहिल्या. त्यांच्यात चुडामणची बायको भागाबाई होती. माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. एक शब्द नीट ऐकू आला. आखाजीले.
त्या दिवशी माझ्यावर काहीतरी होणार आहे.
भीती नाही. खबरदारी. नरडाण्याहून टॉर्च, शिट्टी आणि कुलूप आणलं.

रविवार, ३० एप्रिल
दुपारी निंबाखाली चार जण कोंडाळं करून बसलेले. तार वाकवून आत आले. मधे फडकं, हातात पत्ते. थोड्या थोड्या वेळाने एकजण पान आपटायचा आणि बाकीचे माना हलवायचे.
डाव कसला, चिठ्ठ्या टाकत होते. काम कोणी करायचं ते ठरवायला. हे मी पूर्वी वाचलेलं आहे.
चिंधाला हाकलायला पाठवलं. तो त्यांच्यात जाऊन बसला. परत आल्यावर म्हणे, आखाजीपर्यंत हे असंच चालनार साहेब, गावोगाव चालस. म्हणजे टोळी मोठी आहे. आणि चिंधाला आतली माहिती आहे.
शिट्टी वाजवायची ठरवली होती. तोंडाला कोरड पडली की शिट्टी वाजत नाही, हे दुकानदाराने सांगायला हवं होतं.

मंगळवार, २ मे
सकाळी निंबाच्या आडव्या फांदीला दोर लटकलेला. चांगला जाड. एक नाही, दोन. शेजारी शेजारी.
एक मला. एक प्रमिलाला.
भीती वाटली, लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे.
सुरीने दोन्ही कापले. दोर उत्तम आहे, बादलीला लावला.

बुधवार, ३ मे
पोलीस चौकीत गेलो. हवालदाराला क्रमाने सगळं सांगितलं. वाटेची धमकी, पत्त्यांची बैठक, फाशीचे दोर. त्याने मन लावून ऐकलं. मग विचारलं, दोर कुठे बांधला होता. निंबाला, म्हटलं. किती उंच. सांगितलं. तो टेबलावर डोकं ठेवून हसला, आतल्या दोघांनाही बोलावलं, मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. चहा दिला. म्हणाला, साहेब, आखाजी होऊ द्या, मग या, तक्रार राहिली असेल तर लिहून घेतो.
मग मी उरलो पाहिजे ना.
एकूण हातपाय गाळून चालणार नाही. ज्याचं त्यालाच करावं लागतं.

गुरुवार, ४ मे
दोर परत. नवा. पिवळाधमक, आजच बाजारातून आणल्यासारखा. आणि या वेळी खाली एक लाकडी पाट.
पाटाचा अर्थ मला कळतो. त्यावर उभं करतात आणि मग पाट लाथेने उडवतात.
पाटावर हळदकुंकू लावलेलं. म्हणजे बळीच.
दोर कापला. पाट आत आणला. अंघोळीला बरा आहे.

शुक्रवार, ५ मे. अमावस्या
चिंधा गेला. गाठोडं बांधून दारात उभा. साल भरनं साहेब, आखाजी उनी. म्हणजे वर्ष भरलं, आखाजी आली. कुत्रंही त्याच्या मागे निघालं. मी पगार वाढवून देतो म्हटलं. तो म्हणे, पैशाचं नाही, आखाजीला सगळेच सालदार सुटतात, चार दिवस घरी जाऊन येतो, मग बोलू.
सगळेच सुटतात. म्हणजे त्या दिवशी आसपासच्या एकाही शेतात मदतीला माणूस नसणार. कोणी ठरवलं असेल हे? डोकं आहे.
जाताना तो निंबाकडे बघून म्हणाला, दोर कोनी कापा? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने मान हलवली. म्हणे, बाईसाहेबले वाईट वाटीन.
हिला? हिला का वाईट वाटेल? मी मेलो तर वाटेल, तेवढं मलाही माहीत आहे.
प्रमिलाला तार करून येऊ नको म्हणावं का? पण मग ती म्हणणार राहण्यासारखं नाही, विका. आणि मी पुन्हा भाड्याच्या घराच्या गॅलरीत पेपर वाचत बसणार. नाही. तिने आल्यावर बघितलं पाहिजे, की या माणसाने एकट्याने जागा राखली.

शनिवार, ६ मे
मूळच तोडायचं. फांदी नाही तर फाशी नाही. इतकं सोपं कसं सुचलं नाही.
शिडी लावून सकाळपासून करवत चालवली. हाताला फोड आले. दुपारी फांदी पडली ती थेट मोरीवर. मोरी गेली. चालायचंच.
भागाबाई तारेपलीकडे येऊन उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल. तिने कपाळाला हात लावला आणि गेली. हरली.
निंब आता एका अंगाने रिकामा दिसतो. फांदी चांगली माझ्या कमरेएवढी जाड होती. फाशीला इतकी जाड फांदी कशाला लागते, हा विचार आता येतोय. असो, काम झालं.

रविवार, ७ मे
गेटला कुलूप. गेटपुढे बाभळीचे काटे रचले, छातीएवढे. आता मला बाहेर जाता येत नाही, पण जायचंय कुठे.
दुपारी नदीकडून कालवा. बायकांचे दोन जमाव, एक अलीकडे, एक पलीकडे, एकमेकींच्या आईबापांचा उद्धार चाललेला. असल्या शिव्या मी डिपार्टमेंटमध्येसुद्धा ऐकल्या नाहीत. मधेच गाणी, मधेच हसणं, मग परत शिव्या. खिडकी लावून घेतली.
आज त्या नदीवर आहेत. उद्या इथे.
आवाजाची प्रॅक्टिस केली. विहिरीतून उत्तम येतो. विहिरीबाहेर नाही.

सोमवार, ८ मे. आखाजी. सकाळ
आले. वीसएक बाया. गाणी म्हणत थेट गेटावर. नव्या साड्या, बांगड्या भरलेल्या, हातात दोर. दाराच्या फटीतून बघितलं. पुढे एक हिरव्या साडीतली, डोक्यावर पदर, हातात पिशवी, तीच सगळ्यांत मोठ्याने गात होती.
मी कॉटखाली आहे. येथूनच लिहितोय.
हाका मारतायत. 'अहो! अहो, गेट उघडा!' गावातली बाई मला अहो कशाला म्हणेल? युक्ती आहे. आवाजसुद्धा ओळखीचा काढलाय. आमच्या घरात काय चालतं याचा सगळा अभ्यास केलेला दिसतो.
खरी प्रमिला असती तर माझं नाव घेऊन हाक मारली असती. पण ती नाव घेत नाही. पस्तीस वर्षांत कधी घेतलं नाही. मग ओळखायचं कसं?
हाका बंद झाल्या. कोणीतरी म्हणालं, फांदीच नही वं माय.
मग बांगड्यांचा आवाज लांब गेला.
गेल्या. मी जिंकलो. कॉटखालून निघताना कंबर धरली.

रात्र
हिची बस सकाळची असणार होती. आली नाही. काळजी वाटू लागली. वाटेत त्या बायांनी गाठलं तर?
चुडामणच्या शेताकडून गाणी. चिंचेखाली गर्दी. मधूनच एक हसू ऐकू येत होतं, लांबलचक, खळखळून. ओळखीचं वाटलं आणि वाटलंही नाही. आमच्या घरी असं कोणी हसत नाही.
शेवटी निघालो. गेटचे काटे हलेनात, म्हणून तारेवरून चढलो. माझीच तार, पाच पदरी, ताणून बसवलेली. पायजमा अडकला तो फाटूनच सुटला. चुडामणच्या ढेकळांत पडलो. अंधारून आलेलं. पलीकडून त्याचा आवाज आला, कोन शे रे तठे?
काय आवाज आहे. पोटातून. विहीर लागत नाही त्याला.
'मी' म्हणालो. मी कोन, म्हणाला, आणि काठी उचलल्याचं ऐकू आलं.
तेव्हा चिंचेला बांधलेला झोका दिसला. दोन दोर, मधे पाट. पाटावर हिरवी साडी, उंच जाऊन खाली येणारी. वरूनच ती ओरडली, येऊ द्या भाऊ, आमनाच मानूस शे.
ही असं बोलते हे मला माहीत नव्हतं.
नंतर पान वाढलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस. सगळे माझ्या फाटक्या पायजम्याकडे न बघता जेवले. चुडामणने गार पाणी दिलं. भागाबाई हिच्या माहेरच्या गल्लीतली. निंबाला झोका बांधून ठेव म्हणून हिनेच सांगितलं होतं, गावच्या लेकी दरवर्षी त्याच फांदीवर झोका घेतात. पहिला दोर भागाबाईचा. दुसरा हिने धुळ्याहून पाठवलेला. पाटसुद्धा हिचाच, लग्नातला. निंबाखालचे पत्ते आणि नदीवरच्या शिव्या, दोन्ही आखाजीचेच खेळ निघाले.
मी म्हटलं, फांदी परत किती दिवसांत येते. चुडामण म्हणाला, तेवढी जाड व्हायला तुमना नातू लागीन. आम्हाला मूलबाळ नाही, हे त्याला माहीत नसणार. भागाबाईने हिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.
हिला म्हटलं, जागा आता अगदी सुरक्षित केलीय, तिथे काळं कुत्रं फिरकायचं नाही. ती म्हणाली, हो ना.
रात्री भागाबाईकडेच राहिली. उद्याच्या पहिल्या बसने धुळ्याला जाते म्हणाली. विकायचं का, हे विचारलंच नाही तिने. मीही नाही.

मंगळवार, ९ मे
सकाळी काटे काढले. निम्मे हातात मोडले. गेट सताड उघडं. बोर्ड उतरवला. रांजण भरून बाहेर ठेवला, वर पेला पालथा घातला. पाट धुऊन निंबाखाली ठेवला, आता तो कुठे बांधायचा ते माहीत नाही.
दारात खुर्ची टाकून बसलो. बायका पाण्याला गेल्या त्या लांबच्या वाटेने. पत्तेवाले चुडामणच्या चिंचेखाली. दोनदा 'या' म्हणून हाक मारली, आवाज चांगला फुटला, पण तोपर्यंत ते पुढे गेले होते.
संध्याकाळी चुडामणचा बोकड गेटापर्यंत आला. मी उठून उभा राहिलो. त्याने आत बघितलं, जरा थांबला, आणि परत फिरला.