लॅपटॉपचं झबलं

२ जुलै, बुधवार

परत हँग! अजराताईंच्या नव्या होमस्टेचं थ्रीडी डिझाइन स्क्रीनवर फिरवायला घेतलं की हा लॅपटॉप बसतोच. शनिवारी भाट्याला त्यांच्या घरी दाखवायचंय. हे काम मिळालं तर मी देवरूखात राहून कमावणार. नाहीतर संदेशदादाने ठाण्यात बघून ठेवलेली काउंटरवरची नोकरी! आईसमोर कबूल करून बसलेय.

३ जुलै

दादा फोनवर — "फेक तो डबा! माझ्यासारखा घे, दिवसभर चार्जिंग लागत नाही." हो, आणि रॅम बोर्डालाच डकवलेली, जन्मात वाढवता येत नाही! माझ्या डब्याचं झाकण तरी उघडतं. रत्नागिरीहून सोळा जीबीची रॅम आणली. स्क्रू काढले, जुनी उपटली, नवी दाबली — टक्! सगळं घर स्क्रीनवर गरागरा फिरायला लागलं. मी पण फिरले, पडवीभर.

४ जुलै

चार्जर काढून पाहिलं. पाऊण तासात बॅटरी खलास! पंखा गिरणीसारखा ओरडतोय. भाट्यात लाईट गेली तर? रडायलाच आलं.

मग हात खाली गेला — चटका! आईचं झबलं. पावसाळ्यात आमच्याकडे मिक्सर, टीव्ही, सगळ्यांना जुन्या लुगड्याची झबली. लॅपटॉपलाही शिवलंय, खालून अंगभर. काल स्क्रू काढताना उतरवलेलं आणि मी शहाणीने सवयीने परत चढवलं! वारा जायला वाटच नाही, तापेल नाहीतर काय?

काढून फेकलं. "सादळेल ना गो!" — आई. सादळू दे! स्क्रीनचा उजेड उतरवला, मागे चालणारं सटरफटर बंद केलं. अडीच तास चालला!! आई अजून रुसलेय.

५ जुलै, शनिवार

जिंकले! जिंकले!

भाट्यात धो धो पाऊस, आणि मी स्क्रीनवरच्या घरात जिन्यापर्यंत पोचते तोच लाईट गेली. अजराताईंचे सासरे टॉर्च शोधायला उठले. म्हटलं, बसा चाचा, आपलं चालू आहे. अजराताईंनी माऊस घेऊन स्वतः स्क्रीनवरच्या माडीवर फिरून खिडकी दोनदा हलवून घेतली. "इथून समुद्र दिसलाच पाहिजे!" दिसला. मग म्हणाल्या, "कामाला लाग. शेजारच्यांनाही तुझंच नाव सांगते."

दादाला लगेच मेसेज — ठाण्याला कळव, मी येत नाही! उत्तर नाही. जळला असेल!

६ जुलै

दादाचा फोन. "नमू, मला गेल्या आठवड्यात नोकरीवरून काढलं. आईला बोलू नको. तुझ्या हाताखाली काय असेल तर बघ गो."

म्हटलं, ये.