गोलच्या मागची जागा

काका,

पिठलं-भाकरी झाकून ठेवली आहे, जेवून घ्या. मी रेल्वेच्या मैदानावर जाते, सामना चारला आहे. हंगामातले पहिले तिन्ही सामने आपली टीम हरली, म्हणून तुम्ही येणार नाही म्हणालात.

पण काल गोलकीपर एडविन भेटला. म्हणाला, "ताई, आण्णा गेल्यापासनं गोलमागनं कुणी वरडतच न्हाई. डावीकडं माणूस मोकळा हाय, हे गोल झाल्यावरच कळतंय."

लहानपणी मला आण्णांच्या त्या ओरडण्याची लाज वाटायची.

तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ, आवाजही हुबेहूब तोच. या. एकदाच ओरडा, "डावीकडं बघ, झोपलास व्हय रं?"

मी तुमच्याकडे पाठ करून उभी राहीन, नुसता आवाज ऐकत.

अनुपमा