गुरुवारचा अबॅकस क्लास

६ नोव्हेंबर, गुरुवार

अबॅकस! कुठून सुचलं कोणास ठाऊक. सासूबाईंनी दारातच विचारलं, शाळा बुडवून पोरीला कुठे नेतेस — आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ठाण्याला अबॅकसचा क्लास लावलाय, दर गुरुवारी. रत्नदीपने पेपर तोंडासमोर धरला. नवरे अशा वेळी फार शहाणे होतात.

खरं म्हणजे ठाण्यातच, वर्तकनगरला डॉक्टरांकडे रिपोर्ट आणायचा होता. एडीएचडी. आमची कृतिका, वय नऊ, चौथी ब. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मुलगी आळशी नाही, हट्टी नाही, तुमचं वळणही कमी पडलेलं नाही. तिच्याकडे लक्ष भरपूर आहे, ते कुठे थांबवायचं हे तिच्या हातात नाही. मी सगळं ऐकलं आणि पहिला विचार आला तो एकच — घरी कळलं तर पोरीला वेडी म्हणतील. परत येताना शीळफाट्यावर तासभर अडकलो. ती ट्रेलरची चाकं मोजत होती. मी गॉगल लावून रडत होते.

७ नोव्हेंबर

तिसरी वॉटरबॅग हरवली. ओरडले नाही. म्हणजे थोडंच ओरडले.

९ नोव्हेंबर, रविवार

विहारात वंदनेला कृतिका चार वेळा उठली. एकदा मेणबत्ती सरळ करायला, तीनदा उगीच. सासूबाई पहिल्या रांगेत — महिला मंडळाच्या अध्यक्षा ना! नातीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी माझा आवाजच बसला. शेजारच्या सोनलने विचारलं, सर्दी झाली का? हो म्हटलं. घ्या, अजून एक!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पालकांचा गट. दवाखान्यामागची खोली, आठ खुर्च्या, मुलं पलीकडे खेळतात. मला वाटलं होतं सगळे रडके चेहरे असतील. तर आमच्या मानपाड्याचेच रिक्षावाले काळुराम भेटले! म्हणाले, ‘मी वर्षभर घरी सांगत होतो, पोराचे डोळे तपासायला नेतो म्हणून. शेवटी सासऱ्याने चष्माच आणून दिला.’ केवढे हसलो सगळे! किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

शिकले ते असं — एका वेळी एकच काम सांगायचं, जवळ जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून. झालं की लगेच शाबासकी. मग मॅडमनी विचारलं, घरात कोणाकोणाला माहीत आहे? फक्त नवऱ्याला, मी म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

मेले! विहारातल्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात सासूबाईंनी कृतिकाचं नाव घातलं. स्टेजवर अबॅकसची गणितं करून दाखवणार म्हणे! सगळ्यांना सांगूनही झालंय.

१८ नोव्हेंबर

दप्तर आण. आणलं. वही काढ. काढली. एकेक सांगितलं तर पोर ऐकते! दहा मिनिटांत भागाकाराची तीन गणितं, मग दोन मिनिटं उड्या, मग आणखी दोन गणितं. इतकी वर्षं मी एका दमात सहा कामं सांगत होते आणि वर तिलाच विसराळू म्हणत होते. सासूबाई मेथी निवडता निवडता बघत होत्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रत्नदीपचं म्हणणं, कार्यक्रमाच्या दिवशी ताप आला म्हणून सांगू. मी नाही म्हटलं. अजून किती थापा मारायच्या? आणि पोरीला काय कळणार यातून? आपल्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे, हेच ना! ‘आईला नाही समजणार गं,’ एवढंच तो म्हणाला. चेहरा अगदी एवढासा झाला होता. मी चिडलेली, म्हणून विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं! सगळं. क्लास नाही, डॉक्टर आहेत. हे असं असं आहे. तिचा दोष नाही, माझाही नाही. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ‘नाव काढून घेते’ म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. बस, एवढंच. राग आला, रडूही आलं. पण छातीवरचं ओझं उतरलं हे खरं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कार्यक्रमात उद्देशिकेचे छापील कागद वाटायचे होते. सासूबाईंनी गठ्ठा कृतिकाच्या हातात दिला. गुडघे दुखतात तरी खाली वाकल्या, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, ‘ही एक रांग. झाली की माझ्याकडे ये.’ झाली, तशी पाठ थोपटली. मग पुढची रांग. अशा बारा रांगा! मी मागे उभी राहून नुसती बघत होते. सोनलने अबॅकसचं विचारलं तर सासूबाईंनी सरळ सांगितलं, क्लास नव्हता तो, डॉक्टरांकडे नेतो आम्ही तिला. ‘आम्ही’ म्हणाल्या!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निघायच्या वेळी सासूबाई साडी नेसून तयार. म्हणाल्या, ‘रत्नदीपबी लहानपणी असाच होता. मी त्याला पलंगाच्या पायाला बांधून ठेवायची, दीप्ती. तुमच्या त्या गटात आज्यांना बसू देतात का?’

रत्नदीप आत होता. सगळं ऐकलं त्याने. बाहेर आला, आईचा हात धरला आणि म्हणाला, मीपण येतो.