उत्तरेस आत्याचे घर

दि. ३ ऑगस्ट

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वकिलांच्या कचेरीत तुला स्वतःचं टेबल मिळालं, हे गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. ज्यांना दोनदा सांगितलं, ते आता मला पाहून रस्ता बदलतात.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवली होती. लाकूड रंधायच्या यंत्रासाठी घर बँकेकडे गहाण ठेवलं, हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या बाकांचं काम देणारा ठेकेदार पैसे न देता पसार झाला आणि माझे सात हप्ते थकले. परवा नोटीस आली. साठ दिवसांत भरा, नाहीतर घराचा लिलाव. आणि गंमत बघ, बँकेच्या माणसानं ती पलीकडच्या आत्याच्या दारावर चिकटवली! तिनं ती पाण्यानं भिजवून, न फाडता सोडवली आणि घरपट्टीच्या बिलासारखी भिंतीवरून माझ्या हातात दिली. तू पाहतच आलीस ना, दर वर्षी माझ्या नावाचं बिल तिच्या दारात पडतं आणि तिच्या नावाचं माझ्या, मग दोघं भिंतीवरून अदलाबदल करतो. ती म्हणाली, दादा, तुझ्या बँकेलाही डावं-उजवं कळत नाही.

कागदांची नक्कल सोबत ठेवली आहे. त्यातली भाषा मला झेपत नाही. आपल्या घरात शिकलेलं माणूस एकच आहे, तेव्हा तूच वाच.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
बाबा


दि. ९ ऑगस्ट

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

राग आला, पण नोटिशीचा नाही. सात महिने तुम्ही एकट्यानं हे अंगावर काढलंत, याचा.

कागद तीनदा वाचले. जुन्या खरेदीखतात आजोबांच्या घराच्या चारही बाजू लिहिल्या आहेत. पूर्वेस रस्ता, उत्तरेस विहीर. बाबा, आपल्या घराच्या उत्तरेला विहीर कुठे आहे? उत्तरेला आत्याचं घर आहे. विहीर तिच्या पलीकडे. म्हणजे आजोबांच्या नावावर आहे ते आत्या राहते ते घर, आणि आपण राहतो ते तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या चुलत आजोबांच्या नावावर. तुम्ही बँकेत ठेवलेला कागद आत्याच्या घराचा आहे. नोटीस चिकटवणारा माणूस चुकला नव्हता. घरपट्टीवालाही कधीच चुकला नव्हता. तुम्ही दोघं मात्र इतकी वर्षं एकमेकांच्या घराची घरपट्टी भरत आला आहात.

आमच्या वकीलसाहेबांना दाखवलं. ते हसून म्हणाले की तुझ्या वडिलांचं नशीब थोर आहे, त्यांचं घर सुटलं, आता गप्प बसायचं. लिलाव झाला तर आत्याचं घर जाईल. तिनं वाटल्यास कोर्टात जावं आणि वर्षानुवर्षं भांडावं.

तुमच्यापाशी खोटं लिहिणार नाही. एक मिनिट मला हायसं वाटलं. मग आठवलं की आई गेल्यावर शाळेतून येऊन मी कुणाच्या घरी जेवत होते. तेव्हापासून त्या एका मिनिटाची लाज वाटते आहे. आपण बँकेला सगळं सांगावं असं मला वाटतं. पण सांगितलं तर आपलं घर जाऊ शकतं, म्हणून निर्णय तुमच्या हातात आहे. तुम्ही म्हणाल तसं करू.

माझ्यावर लोभ आहे हे जाणते. थोडा भरवसाही ठेवा.
आपली,
ठकी


दि. १४ ऑगस्ट

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तसाच चपला घालून पलीकडे गेलो. आत्या शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. सगळं सांगितलं. तिनं सुई थांबवली नाही, पण काज वाकडं गेलं. तिच्या हातून वाकडं काज मी प्रथमच पाहिलं.

मग तिलाच आठवलं. दोन्ही भावांनी घरं एकाच दिवशी घेतली. आत्याच्या आईचा गुडघा तेव्हाच गेलेला, पाण्याची घागर लांबून आणणं तिला जमेना. म्हणून तुझे आजोबा म्हणाले, विहिरीजवळचं तू घे, मी अलीकडचं घेतो. संध्याकाळपर्यंत पेट्या हलल्या. कागद हलवायचे असतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आम्हा पोरांना ते कुणी सांगितलंही नाही. आम्ही आपले घरपट्टीवाल्याला वेंधळा म्हणत राहिलो.

तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की चौकट गुण्यात नसेल, कोपरा जरा तिरका असेल, तर मी ती काढून पुन्हा बसवतो, गिऱ्हाइकाच्या लक्षात येवो न येवो. कर्ज मी घेतलं, यंत्र माझ्या घरात आहे. जायचं तर माझं घर जाईल. बँकेला द्यायचं पत्र तू लिहून पाठव. साहेबांचं नको, तुझं हवं.

घाबरू नकोस. माझे हात शाबूत आहेत.

लोभ आहेच, आता त्यात थोडा मानही धर.
तुझा,
बाबा


दि. ३० ऑगस्ट

चि. ठकीस पलीकडच्या आत्याचे अ. आ.

तुझा बाप लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. तू पाठवलेलं पत्र घेऊन काल आम्ही बँकेत गेलो. तू कशाला येतेस, म्हणत होता. मी म्हटलं, इतकी वर्षं तुझ्या घराची घरपट्टी भरली आहे, निदान चहा तरी बँकेचा पिऊ दे.

मॅनेजरनं पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. आम्ही नेलेले घरपट्टीच्या बिलांचे दोन्ही गठ्ठे उलगडले. म्हणाला की स्वतःचं घर सुटत असताना ते आणून देणारा कर्जदार त्यानं पाहिला नव्हता. मग गोरामोरा होऊन म्हणाला की अशा कागदावर लिलाव करणं कठीण. आधी अदलाबदलीचा दस्त नोंदवावा लागेल आणि त्यावर बाईंची सही लागेल.

बाई म्हणजे मी! मी चष्मा पुसला. म्हटलं, सही देते, पण माझ्या भावाला मुदत मिळाल्याशिवाय नाही. थकलेले हप्ते पुढे ढकला, महिन्याचा हप्ता लहान करा, तसं लेखी द्या, मग पेन द्या. दादा माझ्या पायावर पाय देत होता. मी पाय काढून घेतला. मॅनेजर वरच्या साहेबाशी अर्धा तास फोनवर बोलला आणि चार वर्षं वाढवून मिळाली. दस्त झाला की दादाचं घर बँकेकडे गहाण, माझं मोकळं. मुदतीचा कागद काल हातात पडला.

निघताना त्यानं विचारलं की पत्र कुठल्या वकिलाचं. तुझा बाप तोवर मान खाली घालून बसला होता. तो खुर्चीतून उठला, सदरा नीट केला आणि उभा राहून म्हणाला, माझ्या मुलीचं. एवढं सांगायला उभं राहायची काय गरज होती, तूच विचार त्याला.

लोभ पत्रातून नको, येऊन दाखव.
तुझी,
आत्या


दि. ६ सप्टेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि. आत्यालाही हेच पत्र वाचून दाखवा, म्हणजे ती भिंतीवरून डोकावणार नाही.

दस्ताचा मसुदा सोबत आहे. वकीलसाहेबांना दाखवला. त्यांनी एक शब्द बदलला, मग आधीचाच बरा म्हणून परत लिहिला. फी विचारली तर म्हणाले की गप्प बसायचा सल्ला त्यांनी दिला होता, त्याची फी कोण घेतं? आता अवघड कागद ते माझ्या टेबलावर ठेवतात.

शेवटी आपल्या घराच्या चार बाजू लिहायच्या होत्या. इतक्या वर्षांत कुठल्याच कागदावर खरं लिहिलेलं नव्हतं, म्हणून हात जरा थांबला. मग लिहिलं, उत्तरेस आत्याचे घर. साहेब म्हणाले, दस्तात नाव घालतात, आत्या नाही. म्हणून आत्याचं पूर्ण नाव घातलं आहे. तुम्ही मात्र मी लिहिलं होतं तसंच वाचा.

मसुदा लिहिणाऱ्याचं नाव खाली द्यावं लागतं. माझ्या नावापुढे तुमचं येतंच, आणि घाईत मी नेहमी त्याचं नुसतं पहिलं अक्षर लिहून पुढे जाते. या वेळी ते पूर्ण लिहिलं.

लोभ मला पुरेसा मिळाला आहे. तो असाच माझ्या वाट्याला राहो.
आपली,
ठकी