पंचेवाल्याची आई

आई, काल तुमच्या पणतीने एक पुस्तक आणलं. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बाप शाळेत होता, त्यामुळे तुम्हाला ती ठाऊक असायचं कारण नाही. ऑफिसात जाते, जिभेने माझ्यावर गेलीय. पुस्तक विटेएवढं जाड आणि कागद इतका गुळगुळीत की पान उलटायला गेलं तर बोटच घसरतं. म्हणाली, "आजी, तुझ्या वेळचा हीरो परत काढलाय. पार पहिल्यापासून." चष्मा लावून बघितलं तर तोच, पंचेवालो. दाढी वाढलेली, दात आवळलेले, अंगात काळं चिलखत. पहिल्याच पानावर रस्त्यात एक बाई मरून पडलीय आणि हा तिच्याजवळ गुडघे टेकून बसलाय. मी विचारलं, ही कोण? "त्याची आई ना. तिला मारतात, म्हणून तर तो हीरो होतो." मी पुस्तक मिटलं आणि कुकर लावला. राग आला असता तर बरं झालं असतं. काही आलं नाही. भात झाला, आम्ही जेवलो. आज दुपारी घर रिकामं आहे म्हणून वही घेऊन बसले. माझी चौथीपर्यंतची अक्षरं तुम्हाला माहीत आहेत, आणि तुम्हाला तर तीही येत नव्हती, तेव्हा चुका कोण काढणार.

घाटकोपरच्या डोंगरावरची ती खोली आठवा. पत्र्याखाली तुम्ही आणि मी, सासू-सून, समोरासमोर बसलोय, मधे सुपात टिकल्या, बाजूला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा गठ्ठा. एका पट्टीवर बारा टिकल्या लावायच्या, पाकिटात भरायच्या, संध्याकाळी माणूस येऊन घेऊन जायचा. तुमचं स्वतःचं कपाळ वीस वर्षं मोकळं, आणि बोटांना दिवसभर टिकल्यांचा डिंक. माझ्या मोठ्याला विषमज्वर झाला तेव्हा तो अंथरुणात पडून राहावा म्हणून तुमच्या मुलाने नाक्यावरच्या लायब्ररीतून हे चित्रांचं पुस्तक आणलं. मी वाचायचे, पोरगा ऐकायचा. पोरगा बरा झाला आणि गोट्या खेळायला पळाला. तुम्ही मात्र तिथेच बसून राहिलात. "वाच गो, थांबलंस कित्याक?"

पुस्तकावर त्याचं नाव मोठ्या लाल अक्षरांत असायचं, पण तुम्ही त्या नावाने त्याला कधी हाक मारली नाहीत. त्याच्या खांद्यावरून मागे कापड उडायचं, म्हणून तो पंचेवालो. तो विमान हातावर झेलायचा, धरणाची भिंत पाठीने अडवून धरायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "होय, होय, फुडे जा." तुमचं सगळं लक्ष शेवटच्या पानावर. दर पंधरवड्याला शेवटचं पान तेच असायचं. तो उडत उडत घरी यायचा. घर कोळीवाड्यात, मागे कारखान्याची उंच चिमणी. तुम्ही पहिल्यांदा बघताच सांगितलंत, "ह्या माहूल. मी थयसून मासळी आणलेली असा." आई चुलीपुढे बसलेली, मासळी विकून आलेली, टोपली भिंतीला टेकलेली. तिला ठाऊकच नाही आपला मुलगा काय करतो ते. ती विचारायची, "हात धुतलेस?" तो म्हणायचा, "धुतले." ती वाढायची. संपलं. ते 'हात धुतलेस' मी वाचायच्या आधी तुम्ही बोलायचात. मग चित्रकाराची खरडपट्टी. भाताच्या टोपावर झाकण नाही, भाकरी एवढी गोल कुठे असते, चूल पेटलीय आणि फुंकणी कुठाय.

आणि त्या बाईचं कपाळ उघडं. चित्रकार विसरला असेल, किंवा त्याच्या मते ती विधवा असेल. तुम्हाला ते पटेना. "घोव मेलो म्हणान खय लिवलेला असा? दर्यार गेलो असात." सुपातली एक टिकली उचललीत आणि लावलीत तिला. त्यानंतर दर अंकाला. पुस्तकं लायब्ररीची, दुसऱ्या दिवशी परत द्यायची, म्हणजे सगळ्या डोंगरावर ती बाई तुमची टिकली लावून फिरली. एकदा लायब्ररीवाल्याने मला अडवलं. "वहिनी, हे काय? गिऱ्हाईक हसतात." मी घरी येऊन सांगितलं तर तुम्ही उठून स्वतः गेलात खाली, एवढ्या पायऱ्या उतरून. "तुझ्या आवशीक असाच ठेवतंस, उघड्या कपाळान?" त्याने पुढे कधी विषय काढला नाही. मला मात्र घरी आल्यावर बोललात, की चहाडी घेऊन काय येतेस, तिथल्या तिथे तोंड फोडायचं की त्याचं. एरवी जिभेचा पट्टा, आणि कामाच्या वेळी मुकी. ते खरं होतं. ते वाक्य मी पुढे तुमच्या नातसुनांवर, म्हणजे माझ्या सुनांवर, वापरलंय.

मग ते पुस्तक काढणाऱ्यांना काय झालं देव जाणे. आधी कागद बदलला. मग चित्रकार. मग पंचा छोटा केला आणि डोक्यावर शिरस्त्राण घातलं, स्कूटरवाल्यासारखं. माहूल गेलं, त्याच्या जागी काचेच्या इमारतींचं एक शहर आलं. त्यात रस्त्यावर ना गाय, ना नळ, ना माणूस. चोर, दरोडेखोर, भेसळवाले हे सगळे सोडून तो लोखंडी राक्षसांशी लढायला लागला. ते कुठून आले ते कुणी सांगेना. तुम्ही तेही सोसलंत. "करुंदे. पोटासाठी माणूस काय काय करता." मग एका अंकाचं शेवटचं पान उलटलं तर तिथे केसांच्या तेलाची जाहिरात. आई नाही. तुम्ही म्हणालात पान चिकटलं असेल. मी नखाने सोडवून बघितलं. पुढच्या अंकातही तेल. त्याच्या पुढच्यातही.

"त्याची आवस खय गेली?"

"नसेल दाखवली या खेपेला."

"मेली?"

"तसं लिहिलं नाही."

"मेली असात तर मेली म्हणान लिवा. माणूस असो उडान जाता काय? तिचा बारावा करूक व्हया, एक पान वाढूक व्हया. लिव तेंका कार्ड."

मी कार्ड लिहिलं. तुम्ही सांगितलंत तसंच, फक्त शिव्या गाळल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छापील. वर पंचेवालो हसतोय आणि खाली, 'छोट्या दोस्ता, तुझ्या पत्राने मला बळ मिळालं.' तुम्ही विचारलंत, "छोटो दोस्त कोण?" मी म्हटलं, तुम्ही. "आनी आवस?" तिचं काही लिहिलेलं नाही. तुम्ही कार्ड हातात घेतलंत, उलटसुलट केलंत आणि सुपाखाली ठेवलंत. त्या दिवशी गठ्ठा अर्धाच झाला.

मला त्या पंचेवाल्यात काडीचा रस नव्हता असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. तरी मी अंधेरीला गेले. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला म्हटलं बहिणीकडे जाते. पुस्तकाच्या मागे पत्ता होता, बसने साकीनाक्यावरून मरोळच्या पुढे, कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक खोली. मला वाटलं होतं पंचेवालो एवढा मोठा, तर केवढं ऑफिस असेल. तिथे चार टेबलं, छताला लागलेले गठ्ठे आणि शाईचा वास. एक चष्मेवाला माणूस डबा खात होता. भला होता, स्टूल पुढे केलं.

"बोला, बाई. मुलासाठी वर्गणी भरायची?"

"त्याची आई कुठे गेली ते विचारायला आले."

"कुणाची?"

मी पुस्तक दाखवलं. तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "अहो, ती काढली आम्ही. आई असली की गोष्ट अडते. लढाई रंगात आलेली असते आणि शेवटी हा भात खातो. पोरांना नको असतं ते. आपला वाचक दहा-बारा वर्षांचा."

"आमच्याकडे सत्तरीच्या पुढचा आहे."

"कोण?"

"सासू."

त्याने डबा बाजूला सारला. म्हणाला, "आजींना सांगा, आमच्याकडे देवांची पुस्तकंही निघतात."

"देवांचं तिला पाठ आहे. मला एवढंच सांगा, ती मेली का?"

"मेली नाही हो. मरायला तिच्यावर एक पान खर्च करावं लागलं असतं. ती आता नाही, एवढंच."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. होती असं कुणी म्हणतच नाही."

मला तोंड फोडता आलं असतं. तुमचं वाक्य आठवतही होतं. पण त्याच्या डब्यात चवळीची उसळ होती, पोळीचा तुकडा हातात तसाच, आणि मला एकदम वाटलं, हा काही वाईट माणूस नाही, आणि वाईट नसलेल्या माणसाशी भांडण कसं करायचं ते मला येत नाही. जाताना त्याने ताजा अंक फुकट दिला. तेवढं एक पुस्तक आपल्या मालकीचं.

घरी आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. त्याच आठवड्यात तुमची डावी बाजू गेली. डोळ्यांत फूल तर आधीच पडलं होतं, आता उजेड आणि सावली एवढंच. डॉक्टरांनी तुमच्या मुलाला बाहेर नेऊन सांगितलं, घरीच ठेवा. मी तुम्हाला पेज भरवायचे, कूस बदलायचे, आणि तुम्ही जीभ जड झालेली असतानाही विचारायचात, "इली गो ती?" दर वेळी तेच. औषध नको, मुलगा कुठाय ते नको, ती आली का. चौथ्या-पाचव्या वेळेला मी म्हटलं, आली.

पुस्तक उघडलं. लोखंडी राक्षस भराभर संपवले आणि जाहिरातीच्या पानावर येऊन वाचायला लागले. तो उडत घरी आला. आई चुलीपुढे बसली होती. हात धुतलेस? धुतले. तुम्ही डोळे मिटलेत आणि विचारलंत, "काय वाढल्यान?" हे पुस्तकात कधीच लिहिलेलं नसायचं, मला सुचेना. म्हटलं पापलेट. तुम्ही डोळे उघडलेत. "पावसात होडी बंद. पापलेट खयसून इला?" मग मी सुकट केली. सुकट, भात, कांदा. ते तुम्हाला पटलं. मग उजवा हात हलवलात. "टिकली लाय तिका." सूप जवळच होतं. तुम्ही टिकली चाचपून काढलीत, माझ्या बोटावर दिलीत, आणि वाट बघत राहिलात. मी ती लावली. तेलाच्या बाईच्या कपाळावर लावली, आई. केस मोकळे सोडलेली, ओठ रंगवलेली, खिडकीत उभी असलेली ती. पुढचे दोन महिने मी तिलाच टिकल्या लावल्या. तेच एक पुस्तक, तोच एक अंक, दर आठवड्याला नवीन म्हणून; पंधरवड्याचा हिशोब तुम्हाला आता राहिला नव्हता. एकावर एक टिकल्या बसून शेवटी तिचं कपाळच दिसेनासं झालं. तुम्हाला कळलं होतं का, ते मला माहीत नाही. शेवटी शेवटी तुम्ही 'काय वाढल्यान' विचारून माझ्याकडे तोंड वळवायचात, पानाकडे नाही. मी जे बनवून सांगायचे त्यात मीठ कमी-जास्त काढायचात.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नाही. जावांनी ते बरोबर हेरलं. मला पाणी तापवायचं होतं, शेजाऱ्यांकडून बादल्या आणायच्या होत्या. पुढेही नाही रडले. कधीतरी येईल म्हणून वाट बघितली, मग वाट बघायचं विसरले. लायब्ररीवाला येऊन गेला, दारातच उभा राहिला. म्हणाला, जुन्या पुस्तकांतल्या टिकल्या मी काढल्या नाहीत. ते दुकानही नंतर गेलं, पुस्तक काढणारेही बुडाले असं ऐकलं. आता कुणीतरी तो धंदा विकत घेऊन पंचेवाल्याला पुन्हा उभा केलाय. तेव्हा तिच्यावर खर्च करायला एक पान नव्हतं. आता पहिलंच पान तिला दिलंय, आणि तेही मारायला. पणती म्हणते, आजी, त्याने गोष्टीला वजन येतं. मी म्हटलं असेल.

तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. हे पत्र टाकायचं तर पत्ता नाही, आणि असता तरी वाचून कोण दाखवणार तुम्हाला. वहीतच राहील, मागच्या पानावर किराण्याची यादी आहे.

एकच राहिलं. तुमच्या बाराव्याला पानं मोजायला मी होते. एक पान जास्त पडलं. मोठी जाऊ ओरडली, "हिला धड मोजताही येत नाही, म्हणे चौथी शिकलीय." ते पान मी उचललं नाही. पान तुमच्या पानाशेजारी ठेवलं होतं, आणि त्यावर सगळं रीतसर वाढलं, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. पण मासळी विकणारी बाई ती. बाराव्याचं बिनमासळीचं जेवण बघून तिने नाकच मुरडलं असेल.