झुलीखालची गाठ

ता. मुखेड,
१८ सप्टेंबर २०२३

चि. सौ. केवळास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण, फोन भागवतच्या खिशात असतो आणि हे पोराच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. खांदेमळणीला हिऱ्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होतो, तर हाताला गाठ लागली. सुपारीएवढी. लम्पी असेल असं मनात आलं, पण यंदा पोळ्याच्या तोरणाखालून पहिला मान आपल्या बैलाचा. वरून झूल टाकली आणि नेला. चावडीपुढं तासभर सगळी जनावरं खेटून उभी होती.

आता हिऱ्याच्या अंगभर गाठी आल्यात. विचारणाऱ्याला सांगतो, गांधीलमाशा चावल्या. काल शरणम्माची गाय बसली ती उठेना. नवऱ्यामागं तिचं घर त्या एका गायीवर आहे. चाळीस जनावरांत एका बैलानं काय होतंय, असंही वाटतं. सांगितलं तर गाव तोंडावर थुंकेल. काय करू ते कळव.

लोभ आहे, तो हे वाचूनही राहू दे.

तुझा दादा,
ज्ञानोबा

शिरूर अनंतपाळ,
२३ सप्टेंबर

तीर्थरूप दादास,
केवळाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र यायला पाच दिवस लागले. रोग नेणाऱ्या माशीला एवढे लागत नाहीत. इथं यंदा सगळ्यांनी आपापल्या दारातच पोळा केला. मानासाठी भांडायला कुणी नव्हतं, म्हणून तुझे दाजी माझ्याशीच भांडले.

एका बैलानं काय होतंय म्हणतोस. चाळीस जणांनी तेच म्हटलं की झालं गाव. मान घ्यायला पहिला होतास ना, मग सांगायलाही पहिला हो. हिऱ्याला वेगळा बांध, डॉक्टरला बोलाव, आणि शरणम्माला दुसऱ्याकडून कळायच्या आत तूच सांग. गाव थुंकलं तर तोंड धुता येतं.

शेजारचा अमरनाथ आज मुखेडला निघालाय, त्याच्याच हाती हे देते. उद्या दुपारी भागवतला फोन लावणार. त्याआधी तू बोललेला असावास.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी,
केवळा

ता. मुखेड,
२ ऑक्टोबर

चि. सौ. केवळास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून भागवतला सगळं सांगितलं. त्यानं तिथंच डॉक्टरला फोन लावला. मग चावडीवर गेलो. माझं बोलून झालं तसा वीरभद्र उठला. म्हणाला, काका, माझ्या कालवडीला पोळ्याच्या आधीच गाठी होत्या, मी बोललोच न्हाई. मागून आणखी दोघं उठले. कुणापासून सुरू झालं ते आता कळायचं नाही. पण त्यानं मला हलकं वाटलं नाही. चौघांतला एक जरी बोलला असता तर इथंही पोळा घरोघरी झाला असता. डॉक्टरांनी दोन दिवसांत गावातली धड जनावरं टोचून घेतली.

शरणम्मानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की, पोळ्याला तुमच्या बैलाच्या पायावर मी पाणी घातलं होतं.

हिऱ्याचं भागवत बघतो. मी रोज सकाळी फिनाईलच्या पाण्यात पाय बुडवून तिच्या गोठ्यात जातो, गायीला गूळपाणी पाजतो. गाय अजून उठत नाही. उठेल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. शरणम्मा माझ्याशी बोलत नाही. आज मात्र तिनं मला बसायला पोतं टाकलं.

दाजींना नमस्कार. रागावत जा, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा दादा,
ज्ञानोबा